पुढच्या सीटचा मान

प्रवासानं माणसाचं मन मोठं होतं, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. ते स्वतः प्रवासाला निघाले तेव्हा गाडीत पुढं कोण बसलं होतं, हे मात्र त्यांच्यापैकी कुणीच सांगितलेलं नाही.

आमच्या आईला महाबळेश्वर बघायचं होतं. ही मागणी तिनं भांडगावच्या घरी लसूण सोलता सोलता केली. तोवरचे तिचे सगळे प्रवास देवाच्या दारात संपलेले. जेजुरी, तुळजापूर, मोरगाव, शिखर शिंगणापूर. वडील होते तोवर गाडी देवाशिवाय कुठं वळायची नाही. "देवाचं समदं झालं," आई म्हणाली. "आता जिथं देव न्हाई आसं एखादं ठिकाण दाव." महाबळेश्वरच्या नावातच देव आहे, हे मी तिला सांगितलं नाही. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन उन्हाळ्यात ठरलं होतं. त्यानंतर ती आणखी चांगलं चालेल असं डॉक्टरांचं मत होतं. तिचं मत वेगळं होतं, म्हणून तिला त्याआधी जायचं होतं.

अडचण एकच. आईला गाडी लागते. मागच्या सीटवर बसवली तर घाट लांबच राहिला, सपाट सोलापूर रस्त्यावर यवत यायच्या आत तिचं डोकं खिडकीबाहेर असतं. ड्रायव्हरच्या शेजारी काच खाली करून बसवली, की मात्र ती ठणठणीत असते. म्हणजे पसरणीच्या घाटात आई पुढं बसली तरच तिचं महाबळेश्वर होणार होतं, नाहीतर नाही. मी भाड्याची सात सीटची गाडी ठरवायची, थोरल्या भावानं ऊसतोडीच्या धांदलीतून दोन दिवस काढायचे, आई पुढं, बाकीचे मागं. नियोजन एवढंच होतं आणि ते चहा निवायच्या आत झालं.

मग आम्ही दाजींना सांगितलं.

दाजी म्हणजे आमच्या आक्काचे यजमान. राहू गावाच्या पलीकडं नदीकाठच्या एका गावाचे माजी उपसरपंच. आमच्याकडं 'माजी' हे स्वतंत्र पद आहे आणि त्याची मुदत संपत नाही. दाजी उपसरपंच कधी होते हे गावातही कुणाला नीट आठवत नाही, पण माजी ते अजून आहेत. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालणारं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ते मोबाईल कानाला लावून उभे असतात. पलीकडून कोण बोलतंय हे फ्लेक्स छापणाऱ्यालाही माहीत नसतं. मला दाजी आवडत नाहीत. हे आधीच लिहून टाकलेलं बरं, म्हणजे वाचणाऱ्याला हवं तेवढं वजा करून वाचता येईल.

दाजींनी सहल ताब्यात घेतली. त्याच संध्याकाळी मोबाईलवर 'महाबळेश्वर पर्यटन दौरा' नावाचा ग्रुप निघाला. ग्रुपला फोटो दाजींचा, गॉगलसह. फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी त्यात व्यवस्था होती आणि अ‍ॅडमिन एकच होते. रोज एक सूचना यायची. सर्वांनी ओळखपत्र जवळ ठेवावे. सर्वांनी शिस्त पाळावी. प्रस्थानापूर्वी ग्रामदैवतासमोर श्रीफळ वाढवण्यात येईल. ते कोण वाढवणार हे लिहायची गरज नव्हती. सूर्यास्ताच्या पॉइंटवर, सूर्यास्तापूर्वी, दाजी दोन शब्द बोलणार होते. सूर्याला तशी कल्पना दिली होती की नाही, ठाऊक नाही.

मी हे सगळं मुकाट्यानं वाचत होतो, कारण मलाही डोंगर बघायचा होता. मी शिक्रापुरात राहतो. माझ्या गॅलरीतून हायवेवरचे ट्रक दिसतात, आणि ते हलले की त्यांच्या मागचे ट्रक दिसतात. पण एका सकाळी ग्रुपवर आसनव्यवस्था आली. पुढील आसन, मा. माजी उपसरपंच. मधली रांग, महिला. मागील रांग, इतर. मी इतरांत होतो आणि आई महिलांत.

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, जावयाचा मान असतो, आपण काय करणार. त्याचं खोटं नव्हतं. आमच्या भागात ड्रायव्हरच्या शेजारी जे असतं ती बसायची जागा नसते, तो मान असतो. सुपारी फोडायला जायचं असो, वऱ्हाड निघायचं असो, पुढं कोण बसणार यावरून चालू इंजिनाच्या गाड्या दारात ताटकळलेल्या मी पाहिल्या आहेत. एका मयतीला तर आम्ही पोचलो तेव्हा लोक आंघोळ करून परत निघाले होते. दाजींच्या बाबतीत मात्र हे हसण्यावारी नेता येत नव्हतं. एका वर्षी आमच्या जत्रेत पाहुण्यांना फेटे बांधले, त्यात दाजींचा नंबर शेवटी लागला. ते भरल्या ताटावरून उठून गेले आणि पुढच्या दोन दिवाळ्या आक्का माहेरी आली नाही. आईनं दोन्ही दिवाळ्यांना करंज्या केल्या आणि आळीत वाटून टाकल्या. तेव्हापासून आमच्या घरात दाजींच्या मानाला सगळे जपतात, गळक्या गॅसच्या टाकीला जपावं तसे.

पुढच्या रविवारी अंतिम नियोजनासाठी सगळे भांडगावला जमलो. दाजी आले, त्यांच्या मागून आक्का आली. चहा झाल्यावर मी विषय काढला. आईला गाडी लागते, तेव्हा ती पुढं बसेल, एवढंच बोललो. त्यापुढची चार वाक्यं मी न्हावऱ्यापासून पाठ करत आलो होतो, ती बोलायची वेळ आली नाही.

दाजींनी बशी खाली ठेवली आणि आमची काहीच हरकत नाही, असं ते म्हणाले. आमच्याकडं हरकतीची सुरुवात या वाक्यानं होते. मान काही मागून घ्यायचा नसतो. ते काही सीटचे भुकेले नाहीत. प्रचाराच्या वेळी ते भल्याभल्यांच्या गाडीत पुढं बसलेले आहेत. पण चार लोक काय म्हणतील, निदान ड्रायव्हर काय म्हणेल. ड्रायव्हर चौफुल्याचा होता आणि त्याला फक्त घाटात एसी बंद ठेवायचा होता.

भाऊ माझ्याकडं न बघता म्हणाला, "आसं करू. जाताना आई बसंल पुढं, येताना दाजी."

"म्हंजी आम्ही उतारावर?" दाजी म्हणाले.

मग दाजींनी शांतपणे सांगून टाकलं की आम्ही मायलेकरांनी खुशाल जावं, ते येत नाहीत, आणि अर्थातच आमची बहीणही येत नाही. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला कुणी विचारलं नाही.

आईनं त्या दोन दिवाळ्या आठवल्या असाव्यात. ती लगेच म्हणाली, "मीच ऱ्हाते घरी. गुडघं लई दुखत्यात. तुम्ही समदी जाऊन या." सकाळी याच गुडघ्यांनी ती गोठ्यात दोनदा जाऊन आली होती. मी तोंड उघडलं तर तिनं हातानंच मला गप्प केलं. जिच्यासाठी सहल निघाली होती तिला वगळून सहल ठरली, आणि खोलीत सगळ्यांनाच हायसं वाटलं. भावानं परत चहा टाकायला सांगितला. मला त्या चहाचा, भावाचा आणि एकूणच थंड हवेच्या ठिकाणांचा राग आला.

दाजी इथं थांबले असते तर जिंकले होते. पण जिंकल्यावर चार शब्द बोलायची त्यांना सवय आहे. मामींनी मोठ्या मनाचं दर्शन घडवलं, असं ते म्हणाले. जुन्या पिढीच्या त्यागावरच कुटुंबं उभी असतात, असंही म्हणाले. हे सगळं बसून बोलले, पण उभं राहून बोलल्यासारखं वाटलं. मग त्यांनी समजुतीचा सूर लावला.

"पन मामी, मी म्हंतो तुम्ही याच. मधल्या सीटवर बसायचं, हातात पिशवी धरायची. गाडी लागती बिगती काय नसतं. समदे मनाचे खेळ हायेत. आमच्याकडं बायकांना आम्ही सवयच लावलीय."

आई जावयाशी कधी वर तोंड करून बोललेली नाही. लग्नापासून ती त्यांना 'पाव्हणं' म्हणते, आणि तेही डोक्यावरचा पदर सारखा करून. तिनं पदर सारखा केला.

"बरं पाव्हणं, येते मग," ती म्हणाली. "तुम्ही खुशाल पुढं बसा. मी तुमच्या बराबर पाठीमागं बसते. पिशवी नगं मला."

दाजींनी मान वळवून स्वतःच्या कॉलरची मागची बाजू बघायचा प्रयत्न केला. तो कुणालाच जमत नाही. तेवढ्यात दारात आक्का हसली. तोंडाला पदर न लावता, चांगली मोठ्यानं.

"हसायला काय झालं?" दाजींनी विचारलं.

"काय न्हाई. तुमचा सदरा डोळ्यापुढं आला," आक्का म्हणाली. "धुणार तर मीच हाय."

दाजींना त्याच घटकेला आठवलं की त्या तारखेला दूध संस्थेची महत्त्वाची बैठक आहे. दुसरा चहा न घेता ते उठले. आक्काला त्यांच्याबरोबर जावं लागलं. जाताना तिनं आईकडं बघितलं आणि आईनं तिच्याकडं, आणि दिवाळीचा विषय कुणी काढला नाही. संध्याकाळी ग्रुपवर सूचना आली की अपरिहार्य कारणास्तव दौरा स्थगित करण्यात येत आहे. आभार मानावेत असं मला फार वाटलं, पण तशी सोय नव्हती.

ठरलेल्या दिवशी आम्ही श्रीफळ न वाढवता निघायच्या तयारीत होतो. तेवढ्यात रस्त्यावर प्रवासी भरून नेणारी वडापची पहिली जीप थांबली आणि आक्का उतरली. एकटीच, हातात पिशवी. घरी काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही. आईनं फक्त तिच्या हातातली पिशवी घेऊन भावाकडं दिली. आक्का म्हणाली, "चला, उशीर व्हतोय." भावानं एकदा रस्त्याकडं बघितलं, मागून आणखी कुणी येत नाही याची खात्री केली आणि डिकी उघडली.

आईला पुढं बसवलं. काच खाली केली, मांडीवर शाल दिली. उगाच जोखीम नको म्हणून आक्कानं मेडिकलमधून आणलेली उलटीची गोळी तिला दिली. एरवी आई असल्या गोळ्यांना हात लावत नाही, पण ती लेकीच्या हातची होती म्हणून तिनं घेतली. चौफुल्यावरून गाडी सुप्याच्या रस्त्याला लागली. मी मागच्या रांगेत, इतरांत, बसलो होतो. समोरच्या काचेतून येणारं कोवळं ऊन आईच्या पदरावर पडलं होतं. माणसाला आयुष्यात एकदा तरी आपल्या हक्काच्या जागेवर बसून समोरचा रस्ता बघता आला पाहिजे, असं काहीतरी माझ्या मनात येत होतं, आणि ते मला बऱ्यापैकी पटतही होतं.

सुपं यायच्या आत आईला झोप लागली. मोरगाव, नीरा, लोणंद, वाई, पसरणीचा अख्खा घाट आणि पाचगणी तिनं झोपेत पार केली. महाबळेश्वरच्या नाक्यावर पावती फाडायला गाडी थांबली, तेव्हा ती जागी झाली. त्या गोळीनं झोप येते. ती घेतल्यावर कुठल्याही सीटवर बसलं तरी चालतं, असं मेडिकलवाल्याचं म्हणणं आहे.