सतरंजीवर न बसलेले आमदार

रविवार. मिलिंदभाऊ गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन. हजर: सुनंदावहिनी, दोन्ही मुली, जावई, भाऊंच्या पक्षातले बरेच सहकारी. आमच्या बस कामगार संघटनेतून मी एकटी. बाकीच्यांना फोन केले होते. मारोती म्हणाला, "तू जा वं. माझं नाव नको काढू तिथं."

आमदार होण्याआधी भाऊ आमच्या डेपोत कंडक्टर, मारोती त्यांच्याच गाडीवर ड्रायव्हर आणि मी कार्यालयात कारकून. मोर्चाला कोण येणार, पाणी कोण आणणार, या याद्या माझ्या. नियम मात्र भाऊंचे. हिवाळी अधिवेशनात पोलीस मोर्चा जिथे अडवतील तिथे आमची निळ्या पट्ट्यांची सतरंजी पसरायची. निवेदन उभ्याने द्यायचं नाही. घेणाऱ्याने चपला काढून सतरंजीवर बसायचं, मगच कागद हातात. एकदा एका मंत्र्यांनी गुडघेदुखी सांगितली, तर भाऊ म्हणाले, "हात देतो साहेब, पण बसा. उभ्या माणसाले आमचं ऐकूच येत नाही." मंत्री हसत हसत बसले होते.

त्याच सतरंजीवर ते आम्हाला सांगत, "मंदी आली, तिजोरी रिकामी झाली, तर आमदारानं येऊन तसं सांगावं. आता काय देता येते, मग काय देता येईन, ते बोलावं. आपला माणूस थांबते. कायदा सगळ्यात शेवटी काढायचा." या एका बोलण्यावर आम्ही त्यांना निवडून आणलं. मारोतीने रजा टाकून गावोगाव प्रचार केला.

मग खरोखरच मंदी आली. पगार रखडले, संप झाला. अधिवेशनात मोर्चा अडवला तिथे मी सतरंजी पसरली. भाऊ आले… आणि बॅरिकेडच्या पलीकडेच उभे राहिले. मारोती सरकून जागा करत म्हणाला, "बसा ना गा आमदारसाहेब, का पॅन्ट मळते?" लोक हसले. भाऊ हसले नाहीत. "मतदान आहे, उशीर होऊन राहिला," म्हणत त्यांनी उभ्यानेच कागद घेतला. त्या दुपारी संपबंदीच्या कायद्याला त्यांनी हात वर केला. त्याच कायद्याने मारोती बडतर्फ झाला. आता तो वाडीच्या गोदामात माल उतरवतो.

शेवटची भेट धंतोलीच्या दवाखान्यात. विषय त्यांनीच काढला. "शोभा, खेड्यातले पेशंट इथं बसनंच येतात वं. गाड्या बंद ठेवून कसं चाललं असतं? अन् तिजोरी खरंच रिकामी होती. मी आत जाऊन पाहिलं."

"मग बाहेर येऊन सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही ऐकलं नसतं…"

पेशंटांचं त्यांचं म्हणणं खरंच होतं. तेवढ्या गाड्या आम्हीच चालवल्या असत्या. विचारायला हवं होतं. कायदा एक वेळ सोसला असता. पण ज्यांना थांबायला आणि ऐकायला त्यांनी शिकवलं, ते ऐकणार नाहीत असं त्यांनी न बसताच ठरवून टाकलं. ते मला अजून गिळवत नाही.

रविवारी निघताना वहिनींनी हात धरला. "शोकसभेले सगळे आमदार येणार आहेत. ती सतरंजी पाठव वं. यांचा फोटो तिच्यावरच ठेवू."

मी हो म्हणाले. सतरंजी धुतली, वाळवली, घडी घालून दाराशी ठेवली. पण ती माझ्या एकटीची नाही. मारोतीला विचारायचं आहे. दोनदा वाडीपर्यंत जाऊन आले… अजून विचारलेलं नाही.