सात गाड्या नापास

नापासरावांचं खरं नाव कारखान्यातले लोक केव्हाच विसरले होते. बत्तीस वर्षं ते तपासनीस होते. पुर्जा हातात घ्यायचा, मापाला लावायचा, केसभर फरक दिसला की "नापास!" म्हणून बाजूला टाकायचा. निवृत्त झाले, पण खोड काही निवृत्त झाली नाही. दूधवाला, शिंपी, जावई, सगळ्यांनाच ते माप लावायचे. जावई तर आजवर पास झालेला नाही.

आता त्यांना एकच गोष्ट हवी होती. खिशाला परवडेल अशी जुनी मोटार घ्यायची, आपल्या हातांनी खोलायची, घासायची, जोडायची आणि रस्त्यावर आणायची. गुडघे ऐकतात तोवरच हे जमणार होतं, म्हणून घाई. दोन वर्षांत सात गाड्या बघून झाल्या आणि सातही नापास झाल्या.

याला कारण त्यांचा लोहचुंबक. रंगाखाली पत्रा आहे की पुट्टी थापलीय, हे डोळ्यांना कळत नाही. चुंबक पत्र्याला चिकटतो, पुट्टीवरून घसरतो. रंगाला ओरखडा नको म्हणून बायकोने त्याला जाड कापडाची पिशवी शिवली होती. सातही गाड्यांवरून तो घसरला.

"सगळे एका माळेचे मणी," परतताना ते म्हणायचे.

"हो ना," बायको म्हणायची.

आठवी गाडी एका लाँड्रीच्या मागे शेडमध्ये उभी होती. लाँड्रीवाल्या बाईंना तिथे नवं मशीन बसवायचं होतं, म्हणून त्या ती मिळेल त्या किमतीला द्यायला निघाल्या होत्या. एवढी स्वस्त? नापासरावांना वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. त्यांनी दाराला चुंबक लावला. तो खाली पडला. टपाला लावला, तिथूनही पडला.

"बाई, अख्खी गाडीच पुट्टीची आहे!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चुंबक उचलला आणि शेडच्या लोखंडी खांबाला लावला. तो खाली पडला.

"काका, खांबालाही पुट्टी लावलीय का मी?"

नापासरावांचे कान तापले. आधी माप तपासा, मग माल, हे त्यांनी कारखान्यात शेकडो जणांना शिकवलं होतं आणि स्वतः मात्र विसरले होते. बाईंच्या कात्रीने त्यांनी पिशवीची शिवण उसवली. आत जुन्या चपलेच्या रबरी तळाचा तुकडा निघाला.

त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं. ती नजर चुकवत नव्हती.

"तू?"

"मीच. सगळ्यांवर संशय घेण्यात माझ्यावर घ्यायचं राहून गेलं तुमचं."

"पण का?"

"माझे वडील गॅरेजात वारले, एवढंच तुम्हाला माहीत आहे. जॅक घसरला होता. चहा द्यायला मी गेले, तेव्हा गाडीखालून त्यांचे पाय तेवढे दिसत होते. मी दोनदा हाका मारल्या. वाटलं, काम चाललंय." तिने पदराने नाक पुसलं. "मी काय करणार होते? तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असतात, मी जॅक नीट तपासून घेईन."

ते तसंच म्हणाले असते.

त्यांनी उघडा चुंबक दाराला लावला. तो खट्कन बसला. टपावर बसला, चाकांच्या वरच्या पत्र्यावर बसला. ओढून काढावा लागला. गाडी अस्सल होती. अशी गाडी पुन्हा मिळणार नव्हती आणि ती त्यांना हवी होती, इतकी की बॉनेटवरून त्यांचा हात निघेना.

"मग काका, घेताय ना?" बाईंनी विचारलं.

"नको. खालून गंजलीय."

"अहो, वाकून तरी बघा," बायको हळूच म्हणाली.

"कशाला? कपडे खराब होतील," नापासराव म्हणाले आणि शेडच्या बाहेर येऊन तिची वाट बघत उभे राहिले.