आत्तीची बदकं

बारामतीच्या बाजारात आमचा गडी निरोप घेऊन आला, "आत्ती गेल्या." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "काखेत गाठ आली होती का?" तो म्हणाला, "न्हाय, साधाच ताप हुता." तरी आमच्या लासुर्ण्याला पोचेपर्यंत मी त्याला तेच पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. त्यालाही आता महिना होत आला...

गोदाआत्ती माझ्या वडिलांची बहीण. प्लेगनं तिचा नवरा आणि तान्ही मुलगी नेली, आणि ती माहेरी आली ती कायमचीच. परसात, मोरीचं पाणी केळीला जातं तिथं, तिनं बदकं पाळली. ती वाफ्यांतल्या गोगलगायी वेचत हिंडत आणि आत्ती त्यांना सुनांसारखी रागावत मागून हिंडे.

माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते तेव्हाची गोष्ट. एका सकाळी सगळी बदकं केळीखाली माना टाकून पडलेली. आत्तीचा चेहरा पांढराफटक झाला. उंदीर मरून पडले की गाव सोडून रानात खोपटी घालायची, ही आमच्याकडची रीत. पण बदकं पडली म्हणून कुणी घर सोडल्याचं मी ऐकलं नव्हतं. "उद्यापर्यंत बघू," मी म्हणालो. तिनं माझं मनगट आवळलं. "मामंजी बी आसंच म्हनलं हुतं, उद्या बघू. मी आईकलं त्येंचं. आता कुनाचं आईकायची न्हाय."

गाडी जुंपली. अवघडलेली बायको, खाचखळग्यांची वाट... मला प्लेगपेक्षा त्या वाटेचीच धास्ती वाटत होती. आत्तीला वाट दिसतच नव्हती. खोपटात ती बायकोच्या काखा पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. दुपार कलल्यावर शेजारी सांगत आला, बदकं उठून झुलत चालली आहेत. गुऱ्हाळाच्या खड्ड्यातली आंबलेली मळी खाऊन झिंगून पडली होती ती. गाव पोट धरून हसलं, मीही हसलो. आत्ती तेवढी हसली नाही. पुढच्या आठवड्यात मुलगी घरातच सुखरूप झाली.

परवा तिची खोली आवरताना दाराआड एक बोचकं सापडलं. कांबळं, तांदूळ, आगपेटी आणि एक छोटं परकर-पोलकं. बायकोनं ते पोरीच्या अंगाला लावून पाहिलं. आजच्या मापाचं होतं. म्हणजे पोर वाढेल तसे आत्ती त्यातले कपडे बदलत होती, आणि आम्ही समजत होतो, ती ते सगळं विसरली. बायकोनं घडी घातली. मी बोचकं बांधून दाराआड ठेवून दिलं. दिवाळीपर्यंत त्यात मोठं परकर-पोलकं घालावं लागेल.