दुपारची झाडलोट

माझी बायको वल्लरी डेटाबेस सांभाळते. शहरातल्या कितीतरी दुकानांची बिलं तिच्या कंपनीच्या एकाच मोठ्या कोठारात जमा होतात आणि त्या कोठाराची रोज झाडलोट करावी लागते. जुनं काढायचं, विस्कटलेलं नीट लावायचं. तेवढा वेळ दुकानांतली बिलं रखडतात. तिचे साहेब पुष्कर यांनी ही झाडलोट पहाटे ठेवली होती, कारण पहाटे जग झोपलेलं असतं. जगाचं मला माहीत नाही, मंडई झोपत नाही. भाजीच्या गाड्या उतरत असतानाच बिलं अडकायची आणि व्यापारी फोनवरून साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

वल्लरी बरेच दिवस बिलांचे आलेख बघत बसली आणि एकदा जेवताना खुदकन हसली. या शहरात खरी सामसूम दुपारच्या जेवणानंतर असते, म्हणाली. साहेब आधी बिथरले, मग म्हणाले, करून बघा. पण दुपारी एखादं तरी बिल सुरळीत निघालेलं दिसायला हवं आणि तक्रार एकही नको, नाहीतर काम हैदराबादच्या टीमकडे जाईल. त्या कामात तिचा जीव आहे हो! तिने झाडलोटीचे लहान लहान तुकडे केले. मध्येच कुणी बिल करायला आलं की झाडू बाजूला ठेवायचा, गिऱ्हाईक गेलं की पुन्हा सुरू. तरी प्रयोगाच्या आदल्या दिवशी तिला घास उतरेना. दुपारी बिल करणारच कोण, ही तिची काळजी. माझे वडील दीनानाथ समोर बसून ताक भुरकत होते.

बाबांचं मंडईजवळ पूजासाहित्याचं दुकान आहे, मीही तिथेच बसतो. दुपारी ते शटर ओढून गादीवर आडवे होतात. त्या वेळी प्रत्यक्ष देव आला तरी त्याला चारनंतर या म्हणतील. वल्लरीच्या कंपनीकडे सर्वांत जास्त तक्रारी त्यांच्याच. बिलावरचं अक्षर बारीक आहे, इथपासून सुरुवात.

त्या दुपारी मी शटरला हात घातला, तर म्हणाले, "राहू दे."

मला वाटलं, यांना बरं नाही. शेजारच्या हिराताईंनाही तसंच वाटलं. उघडं दुकान बघून त्या धावत आल्या, कुणाला काही झालं का विचारलं आणि हायसं वाटून कापूर घेऊन गेल्या. बातमी पसरली. लोक नुसते बघायला यायचे आणि लाजेकाजेस्तव उदबत्ती घ्यायचे. बाबांची मान कलंडत होती, तरी बोटं बिलं करत होती. एक बिल क्षणभर अडकलं. जो माणूस जन्मात कुणासाठी थांबला नाही, तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "जरा थांबा. सूनबाई आत झाडतायत." आणि बिल आलं! मला दुकानातच उड्या माराव्याशा वाटल्या.

तेवढ्यात पुष्कर साहेबांचा फोन आला, बाबांनी तो स्पीकरवर घेतला. भर दुपारी एकाच दुकानातून एवढी बिलं येताना बघून ते चक्रावले होते. आपली काही तक्रार आहे का, त्यांनी विचारलं.

"आहे," बाबा म्हणाले. "दुपारी गिऱ्हाईक फार येतं. आपल्याला त्याचं काही करता आलं तर बघा."

पलीकडे साहेब हसत सुटले आणि त्यांच्या मागून वल्लरीचा हसता हसता रडल्यासारखा आवाज आला. काम तिच्याकडेच राहिलं.

चार वाजता सगळा बाजार उघडला आणि आमचं शटर खाली आलं. ऑफिसातून लवकर सुटून वल्लरी पोचली, तेव्हा आतून घोरणं ऐकू येत होतं. मी शटर वाजवणार, तर तिने माझा हात धरला. मग पायरीवर बसली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ओठांवर बोट ठेवून सांगू लागली, "उद्या या. बाबा झोपलेत."