रिकामी ठेवलेली चौकट

सिंदीच्या पुढच्या एका गावात, अंगणवाडीच्या सतरंजीवर बसून मी लहान मुलांच्या हातांची चपळाई तपासत होतो. टॅबलेटवर फुगे येत, मुलांनी ते बोटाने फोडायचे, आणि ठरल्या वेळात किती फुटले ते यंत्र मोजायचं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. ही नोकरी लागल्यापासून वडीलसुद्धा चारचौघांत मला 'सर' म्हणत.

पाच वर्षांची एक मुलगी समोर येऊन बसली. तिची आई दारातूनच म्हणाली, "पाया पड आधी. विद्या हाय ते."

मुलीने स्क्रीनला बोट टेकवून कपाळाला लावलं. मग फुगे सुरू झाले. एक फोडला, बोट कपाळाला. दुसरा फोडला, पुन्हा कपाळाला. मुलं हसायला लागली. वेळ संपली तेव्हा तिचे फुगे सगळ्यांत कमी होते.

मला कारण कळलं होतं. वहीला पाय लागला की मीही असाच पाया पडत शिकलो. गुणांखाली निरीक्षण लिहायची चौकट होती. तिथे एक ओळ लिहिली असती, तर चाचणी पुन्हा घेता आली असती. पण शेजारी नागपूरहून आलेल्या आमच्या मॅडम होत्या. त्यांच्यासमोर हे सांगणं म्हणजे माझंच घर उघडं करणं वाटलं. मी चौकट रिकामी ठेवली.

पंधरा दिवसांनी यादी घेऊन गेलो. हात मंद चालतात म्हणून सावंगीच्या दवाखान्यात दाखवायच्या मुलांत तिचं नाव होतं.

"पोरं लुली म्हनून चिडवून राह्यले तिले," आई म्हणाली. "घरी तं सुईत दोरा ओवून देते मले. मंग असं काऊन झालं, सर?"

मी खरं ते सांगितलं.

"म्हंजे तुमाले दिसलं होतं?"

"हो."

"मंग लिहलं काऊन नाई? एवढे शिकले ना तुमी?"

ती रागावली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

मी तिथेच पुन्हा चाचणी घेतली. "या खेपेस पाया नोको पडू, भरभर फोड," आईने बजावलं. फुगे पटापट फुटले. वेळ संपल्यावर मुलीने माझ्याकडे पाहिलं. "आता पडू?"

"पड," मी म्हणालो.

चौकटीत मी दोन्ही वेळचं लिहिलं. कारण पहिल्याच दिवशी माहीत होतं, हेही लिहिलं. यादीतलं तिचं नाव त्यामुळे निघणार होतं. दारात मुलं जमली होती. त्यांतल्या एकाने तिला हाक मारली, "ए लुली, चाल खेळाले."

ती उठून गेली.