न धुतलेली पिशवी

जंगलात तंबू ठोकून राहायला निघालो की मी शिधा कसबा पेठेतल्या एकाच किराणा दुकानातून घेतो. दुकानदार फटकळ. "एवढे तांदूळ? वाघालाही जेवायला बोलावलंय का?" असं म्हणत स्वतःच्या कापडी पिशवीत सामान भरून देतात. "पिशवी परत आणा. धुवायची नाही." ते स्वतः कधी जंगलात गेलेत का, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

परवा राष्ट्रीय उद्यानातून आल्यावर पिशवी परत केली. तिला चुलीच्या धुराचा वास होता, तळाशी सागाचा चुरा. त्यांनी पिशवीत तोंड खुपसलं, डोळे मिटले.

मागून कुणीतरी साखर मागितली.

"दुकान बंद आहे," पिशवीतूनच आवाज आला.

पाचोळा वाजू नये, तसा मी हळूच पायरी उतरलो.