सर्वपित्रीच्या दिवशीची झडती

कॅनडाच्या पोलीस खात्यात हयात गेली. बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत, पण ब्रॅम्पटनच्या एका घरातली ती दुपार जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते.

एका डच चित्रकाराने काही शतकांपूर्वी तैलरंगात काढलेलं स्वतःचंच चित्र चोरीला गेलं होतं. आकाराने जेवणाच्या ताटाएवढं. गोदामातून पेटी निघाली आणि प्रदर्शनाच्या जागी रिकामी पोहोचली. ट्रक चालवणारा मुलगा महाराष्ट्रातून शिकायला आलेला, पार्ट-टाइम काम करणारा. वाटेत तो एकदा थांबला होता, म्हणून आम्ही त्यालाच ताब्यात घेतलं.

"सर, मी फक्त वॉशरूमला थांबलो. ट्रक लॉक होता. पीआरसाठी, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्यासाठी अप्लाय केलंय, चार्ज लागला तर सगळं संपेल हो!"

मला तो खरा वाटत होता. पण वाटण्यावर कोर्ट चालत नाही. संध्याकाळपर्यंत आरोप ठेवायचा की सोडायचं हे ठरवणं भाग होतं, आणि वरिष्ठांचा कल आरोपाकडे होता.

अशात निनावी फोन आला : पेटी भरणाऱ्या गोऱ्या कामगाराचं बेसमेंट बघा. वॉरंट घेऊन आम्ही गेलो. गाद्या, कपाटं, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागची जागा, सगळं पालथं घातलं. काही मिळालं नाही.

ठाण्यावर त्याची चौकशी मीच केली. गडी थंड, उत्तरं पाठ केलेली. माझा अनुभव असा की निरपराध माणूस प्रत्येक प्रश्नाला घाबरतो, गुन्हेगार एखाद्यालाच. मी सहज विचारलं, "वरच्या मजल्यावर कोण राहतं?" पठ्ठ्याने पाणी मागितलं.

वर राहत होत्या घरमालकीण, एकट्या मराठी काकू. वॉरंट फक्त बेसमेंटपुरतं, म्हणून सहकाऱ्याला घेऊन मी रीतसर बेल वाजवली. ओळखपत्र दाखवून आत येऊ का विचारलं.

"या की, पण बूट काढा. आज सर्वपित्री आहे, पान वाढलंय, तेवढं होऊ दे," म्हणत त्या गंधाची वाटी घेऊन आत वळल्या.

टेबलावर दोन तसबिरी होत्या. एक त्यांच्या दिवंगत यजमानांची. शेजारी मोठी टोपी घातलेला, लाल नाकाचा गोरा म्हातारा, गळ्यात चंदनाचा हार. दोघांपुढे खीर-वड्यांची पानं आणि अगदी जवळ पेटलेलं निरांजन. काकूंनी यजमानांच्या फोटोला गंध लावलं, पुन्हा बोट बुडवलं आणि म्हाताऱ्याच्या कपाळाकडे नेलं. त्या चित्राला काच नव्हती.

"काकू, थांबा!"

बोट कपाळापाशी थबकलं. "अहो, केवढ्याने ओरडता! खालच्या मुलाचे पणजोबा आहेत. खाली ओल आहे, वर ठेवता का म्हणाला. त्यांच्यात पान कोण वाढणार? म्हटलं, आपणच वाढू."

मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी गंधाची वाटी खाली ठेवली. "माझ्या हातचं जेवायचा हो तो," म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं. मलाही फार वाईट वाटलं. थोड्या वेळाने डोळे पुसून त्यांनी चित्र न्यायची परवानगी दिली. "पण पान वाढलंय. कोणाचे का असेनात, उपाशी नका उठवू."

मी निरांजन तेवढं लांब सरकवलं. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवून हात जोडले, आणि मगच आम्ही हातमोजे चढवले.

चित्र समोर ठेवताच कामगाराने कबुली दिली. ट्रकवाला मुलगा संध्याकाळी सुटला. कुलपं, कॅमेरे, वॉरंट, चोराने सगळ्याचा विचार केला होता. आपल्या खोट्या पणजोबांना कोणी जेवू घालील, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

नोकरीने मला संशय घ्यायला शिकवलं. काकू आता कोणावर विश्वास टाकणार नाहीत, असं मी धरून चाललो होतो. खटला संपल्यावर तो ट्रकवाला मुलगा त्यांचे आभार मानायला गेला. काकूंनी आधी त्याला जेवायला वाढलं, आणि मग विचारलं, "बेसमेंट रिकामं आहे. येतोस राहायला?"